रेंजफाइंडरवाले एकमेकांना फोटो का दाखवत बसतात, त्याची जुनी गोष्ट

रेंजफाइंडर, म्हणजे शेजारच्या खिडकीतून बघून अंतर जुळवत फोकस करायचा कॅमेरा, वापरणारी दोन माणसं भेटली की आधी कॅमेऱ्याबद्दल बोलतात आणि मग पाचव्या मिनिटाला फोटो निघतात, आणि फोटो तरी कसले तर चहाची टपरी, एसटी स्टँडवरचा बाक, कुठल्यातरी प्रवासात खिडकीतून दिसलेलं गाव, घरातली दुपार. सुंदर सूर्यास्त कमी आणि रोजचं जगणं जास्त. हे असं का, याचं उत्तर मला त्या कॅमेऱ्याच्या जन्मातच सापडतं, म्हणून जरा मागे जाऊया.

जर्मनीतल्या वेट्झलर गावात लाइट्झ नावाची मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी होती, तिथे ऑस्कर बारनॅक नावाचा कारागीर कामाला होता. त्याला डोंगरात भटकायची आवड आणि दम्याचा त्रास, त्यामुळे त्या काळचा काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन चढणं त्याला झेपेना. मग त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धरली, एक फोटो २४ बाय ३६ मिमीचा केला आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. त्यावर त्याने काय टिपलं? गावातला चौक, गावातली माणसं, पुढे १९२० मध्ये गावात शिरलेलं पुराचं पाणी. त्याचे मालक १९१४ मध्ये न्यूयॉर्कला गेले तेव्हा असाच एक कॅमेरा सोबत नेला आणि तिथले रस्ते टिपून आणले. म्हणजे बाजारात यायच्या दहा वर्षं आधीच या कॅमेऱ्याची दोन कामं ठरली होती, प्रवास आणि रोजचं.

१९२५ ला लायप्झिगच्या जत्रेत तो लायका नावाने विकायला आला, पण तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हता, अंतर अंदाजाने लावायचं नाहीतर वरती वेगळं यंत्र बसवून मोजायचं. १९३२ ला लायका टू आणि झाइसचा काँटॅक्स आला आणि अंतर मोजणं थेट लेन्सला जोडलं गेलं. ज्यांनी कधी डोळा लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅमेऱ्याला समोरून दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून थोड्या लांब, आणि व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो ज्यात समोरच्या माणसाची नाकं दोन दिसतात. लेन्स फिरवत गेलं की दुसरं नाक सरकत सरकत पहिल्यावर येऊन बसतं, बसलं की फोकस. एवढंच.

पण यातली खरी गंमत अशी की तुम्ही लेन्समधून बघतच नाही! तुम्ही शेजारच्या खिडकीतून बघताय आणि फोटो लेन्स काढतेय. पाठचं किती धूसर होणार, काय फोकसमध्ये येणार, हे डोळ्याला कळत नाही, सगळंच लख्ख दिसतं, चौकटीबाहेरचं पण दिसतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यात लेन्सचं चित्र डोळ्यापर्यंत आणणारा आरसा असतो तो इथे मध्ये नसल्यामुळे क्लिकच्या क्षणाला अंधारही होत नाही. त्यामुळे माणूस समोर काय चाललंय ते बघत राहतो आणि फोटो कसा आलाय ते खूप नंतर बघतो. आणि नंतर म्हणजे बहुतेक वेळा चारचौघात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दाखवणं आणि त्यावर बोलणं मागाहून चिकटलेलं नाहीये, ते या यंत्राच्या रचनेतूनच आलंय.

तसं एकत्र बसून फोटो बघणं आपल्याकडे फार जुनं, १८५४ ला मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पण तेव्हा निगेटिव्ह मोठी असायची आणि प्रिंट तेवढीच. ३५ मिमीवाल्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढी, ती मोठी केल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून मग कॉन्टॅक्ट शीट, छत्तीसच्या छत्तीस फोटो एका कागदावर, सहा सहाच्या पट्ट्या, त्यावर भिंग ठेवून बघायचं आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. माझ्या मते ही शीट म्हणजे फोटोवरच्या गप्पांचं खरं घर, कारण तिथे फसलेले पण दिसतात आणि आधीचा नंतरचा क्षण पण दिसतो. इंग्लंडमधे पोस्टल क्लब चालायचे, प्रिंटांचा खोका एका सभासदाकडून दुसऱ्याकडे पोस्टाने फिरायचा, प्रत्येकाने बाकीच्यांच्या फोटोंवर मत लिहायचं, आपला जुना काढून नवा ठेवायचा आणि खोका पुढे पाठवायचा. किती छान पद्धत ना.

आता फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए ब्रेसाँ. लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून फिरणारा हा माणूस फिल्म धुणं आणि प्रिंट काढणं स्वतः करत नसे. १९४७ ला मॅग्नम ही फोटोग्राफरांची स्वतःची संस्था निघाली त्यात तो होता आणि त्याच सुमारास भारतात आला. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत तो गांधीजींना भेटला आणि आपल्या फोटोंचं पुस्तक त्यांना दाखवलं. ते एकेक पान उलटत होते, एका फोटोपाशी थांबले, त्यात एक कवी शववाहिनीकडे बघत होता. अर्थ विचारला, आणि मग मृत्यू हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, असं ब्रेसाँ नंतर सांगायचा. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. फोटो दाखवण्याचा याहून जड प्रसंग मला माहीत नाही.

पुढे १९५४ ला लायका एम थ्री आला, तो बऱ्याच जणांना आजही सगळ्यात उत्तम वाटतो, १९५९ ला आरसा असलेला निकॉन एफ आला आणि व्यावसायिक मंडळी हळूहळू आरशाच्या कॅमेऱ्याकडे गेली. रेंजफाइंडर उरला तो हौशी लोकांकडे, आणि जपानी कंपन्यांनी तो स्वस्त करून घराघरात नेला. १९६१ चा कॅननचा कॅनोनेट, १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५.

आमच्या घरात तोच याशिका होता, काकांनी मस्कतहून आणलेला. पिवळा दिवा लागला की हात स्थिर धरायचा, लाल लागला की उजेड जास्त. एक रोल गणपतीत सुरू व्हायचा तो दिवाळीत संपायचा, मग धुवायला टाकायचा, आणि पाकीट आलं की आजी सोडून कुणी आधी हात लावायचा नाही. एकदा पन्हाळ्याला काकांनी लेन्सचं झाकण तसंच ठेवून आठ फोटो काढले, खिडकीतून सगळं नीट दिसत होतं आणि उजेड मोजणाऱ्या मीटरचा डोळा पण बॉडीवर वेगळा, त्यामुळे कशालाच पत्ता नाही. निगेटिव्हवर आठ फोटोंच्या जागी नुसती कोरी नारंगी पट्टी आली. आजीने ती पट्टी उजेडाकडे धरली आणि प्रत्येक कोऱ्या जागेवर बोट ठेवून इथे तू होतास, इथे तुझी आई होती, असं सगळं सांगितलं. मला पन्हाळा आठवतो तो त्या पट्टीमुळेच.

डिजिटल आल्यावर हे सगळं संपेल असं वाटत होतं. पण २००४ चा एप्सन आर-डी१, पहिला डिजिटल रेंजफाइंडर, त्याला शटर चढवायची खटकी तशीच ठेवली होती आणि मागचा स्क्रीन उलटा वळवून लपवता यायचा. २०१६ ला लायकाने एम-डी काढला त्याला तर स्क्रीनच नाही, त्या जागी नुसती आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते ठरवायची, चकती. फोटो कसा आलाय ते घरी जाऊनच कळणार, आणि घरी आजी किंवा कुणी ना कुणी शेजारी बसलेलं असणारच.