अन्य भाषांत बोलणे (ख्रिस्ती धर्म)

प्रार्थना किंवा उपासना चालू असताना, कधीही न शिकलेल्या आणि बहुधा उपस्थितांपैकी कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत बोलणे, याला ख्रिस्ती परंपरेत ‘अन्य भाषांत बोलणे’ म्हणतात. अभ्यासक त्यासाठी ग्लॉसोलेलिया ही संज्ञा वापरतात. न शिकलेली, पण जगात कुठेतरी खरोखर बोलली जाणारी भाषा तोंडून निघाल्याचा दावा असेल, तर त्याला झेनोलेलिया म्हणतात. बायबलच्या नव्या करारात हे पवित्र आत्म्याचे कृपादान म्हणून आले आहे, यावर कोणत्याच पंथाचे दुमत नाही. ते दान आजही मिळते का, प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळायलाच हवे का, आणि मिळाले तर मंडळीत (उपासनेसाठी जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायात) त्याचा वापर कसा व्हावा, या प्रश्नांवर मात्र मंडळ्या दुभंगल्या आहेत.

वादाचे मूळ नव्या करारातच आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेत पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्य निरनिराळ्या भाषा बोलू लागतात, आणि पार्थिया, मिसर, रोम अशा ठिकाणांहून आलेल्या लोकांना आपापली भाषा ऐकू येते. तिथे अर्थ सांगणाऱ्याची गरजच पडत नाही. करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रातले चित्र वेगळे आहे. अन्य भाषेत बोलणारा माणसांशी नव्हे तर देवाशी बोलतो, त्याचे कोणाला समजत नाही, असे पौल चौदाव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो. हे दोन्ही प्रकार एकच, असे मानणारे करिंथमध्येही खऱ्याच परक्या भाषा बोलल्या जात होत्या असे सांगतात. त्यांना वेगळे मानणारे करिंथच्या प्रकाराला प्रार्थनेची भाषा समजतात. पत्राचा मजकूर पाहता हा दुसरा अर्थ अधिक सरळ वाटतो, कारण बंदराच्या गावात परकी भाषा समजणारे कोणीतरी भेटलेच असते. पौल मात्र अर्थ सांगण्यालाही आत्म्याचे दानच म्हणतो.

हा चौदावा अध्याय सलग वाचायला हवा, कारण दोन्ही बाजू त्यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग पुढे करतात. आपण सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषा बोलतो, याबद्दल पौल देवाचे आभार मानतो. लगेच पुढे तो लिहितो की मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिकवण देणारे, समजणारे पाच शब्द आपल्याला अधिक आवडतात. रणशिंगाचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईला कोण सज्ज होईल, असे तो विचारतो. मग नियम घालून देतो: दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावे, पाळीपाळीने बोलावे, एकाने अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे. तरीही शेवटी अन्य भाषा बोलण्यास मनाई करू नका असेच बजावतो. सगळ्या अध्यायभर त्याला बोलणाऱ्याच्या अनुभवापेक्षा ऐकणाऱ्याच्या समजुतीची काळजी आहे. आजच्या वादात नेमका हा ऐकणाराच मागे पडतो.

पहिल्या शतकानंतरचे उल्लेख विरळ आहेत. दुसऱ्या शतकात धर्माचार्य इरेनियस यांनी अन्य भाषा बोलणाऱ्या बांधवांचा उल्लेख केला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक क्रिसोस्तोम यांना करिंथच्या पत्रातला हा भाग दुर्बोध वाटला, कारण त्यात वर्णिलेल्या गोष्टी त्यांच्या काळात घडत नव्हत्या. धर्माचार्य ऑगस्टीन यांच्या मते ती खूण प्रेषितांच्या काळापुरती होती. आता सर्व राष्ट्रांत पसरलेली मंडळीच सर्व भाषा बोलते, असे ते म्हणत. पुढे रोमन कॅथलिक चर्चच्या 1614 च्या विधिग्रंथात तर अज्ञात भाषा बोलणे हे भूतबाधेचे एक लक्षण म्हणून नोंदले गेले. लंडनमध्ये 1831 साली एडवर्ड अर्व्हिंग यांच्या मंडळीत असे बोलणे सुरू झाले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती.

आधुनिक वादाला तोंड फुटले ते 1901 च्या पहिल्या दिवशी. अमेरिकेतील टोपेका येथे चार्ल्स परहॅम यांच्या बायबल शाळेत अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची (विश्वासणारा आत्म्याने भरून जाण्याच्या अनुभवाची) खूण, आणि त्या जगातल्या खऱ्या भाषा असल्यामुळे मिशनऱ्यांना त्या शिकण्याची गरज उरणार नाही, असे परहॅम मानत. त्यांच्या ह्यूस्टनमधील वर्गात वर्णभेदामुळे विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाला दाराबाहेर बसून ऐकावे लागले. याच सेमूर यांच्या नेतृत्वाखाली 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर सुरू झालेल्या सभांतून, पन्नासाव्या दिवसाच्या सणावरून नाव पडलेली पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर गेली. अन्य भाषा बोलणाऱ्याच्या अंगी प्रीती नसेल तर त्या खुणेला अर्थ नाही, अशी सेमूर यांची पुढे धारणा झाली.

परहॅम यांच्या अपेक्षेची कसोटी लवकरच लागली. अझुसा रस्त्यावरून आल्फ्रेड आणि लिलियन गार हे दांपत्य कलकत्त्याला आले. आपल्याला बंगाली बोलता येते अशी आल्फ्रेड यांची खात्री होती. प्रत्यक्षात श्रोत्यांना त्यांचे बोलणे समजले नाही. त्यांनी अनुभव खोटा ठरवला नाही. त्याचा अर्थ बदलला. अन्य भाषा प्रचारासाठी नसून स्तुती आणि प्रार्थनेसाठी आहेत, असे ते मानू लागले. बहुतेक पेन्टेकॉस्टल मंडळ्या हळूहळू याच निष्कर्षाला आल्या. अनुभवाने शिकवणीला दिलेले हे वळण त्या चळवळीच्या इतिहासात मोलाचे आहे.

याच काळात पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये वेगळीच परंपरा घडत होती. तिथले पुनरुज्जीवन 1905 मध्ये, म्हणजे अझुसा रस्त्याच्या सभांच्या आधी सुरू झाले. इंग्रजी न येणारी एक मुलगी मोठ्याने इंग्रजीत देवाची स्तुती करत असल्याचे आपण ऐकले, असे रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिले. पण अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, असा आग्रह त्यांनी धरला नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या पुनरुज्जीवनावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील मेथडिस्ट मिशनरी हूव्हर दांपत्यापर्यंत पोहोचली आणि 1909 मध्ये तिथल्या पेन्टेकॉस्टल चळवळीला चालना मिळाली. या चळवळीचा उगम केवळ अमेरिकेत शोधणाऱ्यांनी केडगावकडे दुर्लक्ष केले, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

पेन्टेकॉस्टल गटांतही एकवाक्यता नाही. 1914 मध्ये स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉडने 1916 च्या विश्वासपत्रात अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची प्रारंभिक खूण ठरवली. ‘सर्वच अन्य भाषा बोलतात काय?’ या पौलाच्या प्रश्नाला ते असे उत्तर देतात की पौल मंडळीतल्या दानाबद्दल बोलतो. खूण ही वेगळी बाब आहे. टीकाकार कृत्यांच्या आठव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, कारण शोमरोनी लोकांना आत्मा मिळाला तेव्हा भाषांचा उल्लेखच नाही. ब्रिटनमधील एलिम चर्च हा नियम लावत नाही. उलट त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) नाकारणाऱ्या ‘वननेस’ गटांतील अनेक मंडळ्या अन्य भाषा तारणाशीच जोडतात. ही भूमिका इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांना अमान्य आहे.

ही दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, असे मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचे प्रमुख मंडन प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफिल्ड यांनी 1918 मध्ये केले. चमत्कार प्रेषितांच्या अधिकाराची साक्ष म्हणून होते. साक्ष पटली, काम संपले, हा त्यांचा युक्तिवाद. इतर काही जण करिंथच्या त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायातील ‘पूर्ण ते येईल’ या शब्दांचा अर्थ बायबलची पूर्णता असा घेतात. तो पटत नाही, कारण पौल लगेच तोंडोतोंड पाहण्याविषयी बोलतो आणि तो संदर्भ अंतिम भेटीचा आहे. वॉरफिल्ड यांची बाजू त्यामानाने भक्कम आहे.

जुन्या चर्चमध्ये हा अनुभव 1960 नंतर शिरला. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील एपिस्कोपल धर्मगुरू डेनिस बेनेट यांनी आपण अन्य भाषांत बोलतो असे व्यासपीठावरून सांगितले आणि त्यांना ते चर्च सोडावे लागले. 1967 मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातून कृपादानांवर भर देणारी कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ उभी राहिली. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ या दानाचे नाव घेतो, मात्र सर्व कृपादाने मंडळीच्या हितासाठी आहेत अशी मर्यादाही घालतो.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी 1972 मध्ये दाखवले की या बोलण्यातील ध्वनी बहुधा बोलणाऱ्याच्या परिचित भाषांतलेच असतात आणि त्यात व्याकरणाची रचना सापडत नाही. अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या 2006 च्या अभ्यासात, असे बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातील हालचाल कमी झालेली आढळली. त्यात अवघ्या 5 स्त्रिया होत्या. झेनोलेलियाचा दावा यातून कमकुवत होतो. प्रार्थना म्हणून त्या बोलण्याचे मोल ठरवणे हे भाषाशास्त्राचे काम नव्हे.

मतभेदाची झळ नेमणुकांनाही लागते. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मिशन मंडळाने 2005 मध्ये, एकांतातही अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या उमेदवारांना मिशनरी म्हणून न घेण्याचे ठरवले. 2015 मध्ये हा नियम शिथिल झाला. अशा प्रार्थनेमुळे उमेदवार आता आपोआप बाद होत नाही.