डोस किती आणि किती वेळाने? हाफ-लाइफचं गणित

ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दर आठ तासांनी, थायरॉइडची गोळी लेव्होथायरॉक्सिन दिवसातून एकदाच, हृदयाचं औषध डिगॉक्सिन आधी जास्त आणि मग कमी. औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षी अशा याद्या पाठ होतात आणि परीक्षा संपली की पुसल्या जातात. यातलं बरंचसं पाठ न करताही लक्षात राहतं, पण त्यासाठी हाफ-लाइफ पक्की समजायला हवी. रक्तातली औषधाची पातळी निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, ती त्या औषधाची हाफ-लाइफ.

हा वेळ औषधागणिक प्रचंड बदलतो. हृदयाची अतिवेगवान लय आवरणाऱ्या ॲडेनोसिनची हाफ-लाइफ 10 सेकंदांपेक्षा कमी. म्हणून ते कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून एक-दोन सेकंदांत झटकन सोडतात आणि मागोमाग 20 मिलिलिटर सलाइन ढकलतात. सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोहोचेतो त्यातलं फारसं उरतच नाही. पॅरासिटामॉलची हाफ-लाइफ 2 ते 3 तास, लेव्होथायरॉक्सिनची साधारण 7 दिवस, तर हृदयाच्या लयीवरच्या ॲमिओडॅरोनची कित्येक आठवडे.

आता कागद-पेन घ्या. एका औषधाचा 100 मिलिग्रॅमचा डोस बरोबर एकेका हाफ-लाइफच्या अंतराने द्यायचा आहे. पहिल्या डोसनंतर शरीरात 100. दुसऱ्याची वेळ होईपर्यंत 50 उरले, त्यात 100 मिळवले की 150. त्याचे होतात 75, पुढच्या डोसनंतर 175. मग 187.5, मग 193.75. आकडा 200 कडे सरकतो, पण दर वेळची वाढ आधीच्या निम्मी. एक टप्पा असा येतो की दोन डोसांच्या मधे जितकं औषध बाहेर जातं तितकंच नव्या डोसने आत येतं. ही स्थिर पातळी. चार ते पाच हाफ-लाइफमध्ये आपण तिच्या जवळजवळ पोहोचतो. औषध बंद केल्यावर ते शरीरातून जवळपास निघून जायलाही तेवढाच काळ लागतो.

विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे. डोस दुप्पट केला तर स्थिर पातळी दुप्पट होते, पण तिथे पोहोचायला लागणारा काळ तोच राहतो. लेव्होथायरॉक्सिनचा डोस बदलल्यावर टीएसएचची (थायरॉइडला चालना देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकाची) तपासणी साधारण सहा आठवड्यांनी करतात ती याचमुळे. पाच हाफ-लाइफ म्हणजे पस्तीस दिवस, आणि पिट्युटरी ग्रंथी स्थिरावायला आणखी थोडा अवधी. दुसऱ्याच आठवड्यात तपासून डोस वाढवला तर पुढे तो जास्त ठरण्याची शक्यता बरीच. हेच गणित उलट बाजूनेही दिलासा देतं: या गोळीचा एक दिवस चुकला तर शरीरातला साठा जेमतेम दहा टक्क्यांनी घटतो.

पण रुग्णाला आजच गुण हवा असेल तर? तेव्हा लोडिंग डोस देतात, म्हणजे हळूहळू साठणारं औषध सुरुवातीलाच भरून टाकायचं. डिगॉक्सिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याची हाफ-लाइफ दीड ते दोन दिवस, त्यामुळे रोजच्या गोळीवर विसंबलं तर स्थिर पातळी यायला आठवडा किंवा जास्तही लागेल. हृदयाची गती तातडीने आवरायची असेल तर प्रौढ रुग्णाला 24 तासांत एकूण 0.75 ते 1.5 मिलिग्रॅम विभागून देतात आणि त्यानंतर रोजचा छोटा डोस सुरू करतात, बहुधा 125 ते 250 मायक्रोग्रॅम. डोस लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवंच. नुसतं .25 लिहिलं आणि टिंब पुसट झालं की त्याचे 25 होतात. त्यापेक्षा सरळ 250 मायक्रोग्रॅम लिहिलेलं बरं.

डिगॉक्सिनजवळ थोडं जास्त थांबायला हवं, कारण हाफ-लाइफ हा त्या रेणूचा कायमचा गुणधर्म नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. ती दोन गोष्टींवर ठरते: औषध शरीरात किती दूरवर पसरतं आणि मूत्रपिंड व यकृत ते किती वेगाने काढून टाकतात. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली तर हाफ-लाइफ चार-पाच दिवसांपर्यंत जाते. अशा वयस्कर रुग्णाला नेहमीचाच डोस चालू ठेवला तर पहिल्या आठवड्यात सगळं ठीक वाटतं. पातळी मात्र आणखी दोन-तीन आठवडे चढत राहते. मग भूक मंदावते, मळमळ सुरू होते, नजरेसमोर पिवळसर छटा येते, नाडी मंदावते. सोबत फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध चालू असेल आणि पोटॅशियम घटलं असेल, तर पातळी फार वाढलेली नसतानाही विषबाधा होऊ शकते.

म्हणून डोस देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लय अनियमित असते. प्रौढात ठोके 60 पेक्षा कमी भरले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. रक्तातली पातळी बघायची असेल तर नमुना डोसनंतर किमान सहा तासांनी घ्यायचा. तोवर औषध रक्तातून स्नायूंमध्ये पसरत असतं आणि अहवालातला आकडा विनाकारण घाबरवतो.

दोन औषधांच्या हाफ-लाइफ जुळत नसल्या की वेगळाच धोका उभा राहतो. ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांच्या, अतिडोसात श्वास मंदावलेल्या रुग्णाला नॅलोक्सोन हा उतारा दिला की तो काही मिनिटांत डोळे उघडतो. पण नॅलोक्सोनची हाफ-लाइफ तास-दीड तास आणि मेथाडोन या ओपिऑइडची पुष्कळदा एका दिवसाहून जास्त. उतारा आधी ओसरतो, विष मागे राहतं आणि श्वास पुन्हा मंदावतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णावरही तासन्‌तास लक्ष ठेवायचं ते या कारणाने, आणि नॅलोक्सोन पुन्हा द्यायची किंवा सलाइनमधून चालू ठेवायची तयारी असावी लागते.

हाफ-लाइफवरून परिणाम किती टिकेल हे मात्र दर वेळी कळत नाही. ॲस्पिरिन रक्तात वीसेक मिनिटांतच निम्मं होतं, पण त्याने बिघडवलेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यात दुरुस्त होत नाही, आणि ते आयुष्य असतं सात ते दहा दिवसांचं. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचं उलट: ते नव्या गोठणघटकांची निर्मिती अडवतं, रक्तात आधीच असलेल्या घटकांना हात लावत नाही. प्रोथ्रॉम्बिन हा गोठणघटक संपायला काही दिवस लागतात, म्हणून ताजी गुठळी असलेल्या रुग्णात लगेच काम करणारं हेपरिन आणि वॉरफरिन किमान पाच दिवस एकत्र चालवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला दिसला तरी हेपरिन काढून घेत नाहीत, कारण ती वाढ मुख्यतः लवकर संपणाऱ्या सातव्या गोठणघटकामुळे असते.

आणि फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनपाशी वरचं गणितच मोडतं. ते विघटित करणारी यकृतातली विकरं उपचाराच्या पातळीतच अपुरी पडू लागतात. त्यानंतर कितीही औषध आलं तरी तासाला ठरावीकच बाहेर जातं. रोजचे 300 मिलिग्रॅम एकदम 400 केले तर पातळी एक-तृतीयांशाने न वाढता कित्येक पट होऊ शकते. डोळ्यांची बुबुळं आपोआप थरथरू लागतात, चाल लडखडते, बोलणं जड होतं. त्यामुळे पातळी उपचाराच्या टप्प्याजवळ आली की डोस एका वेळी 25 ते 50 मिलिग्रॅमनेच वाढवतात आणि पुढचा बदल करण्याआधी दोन-तीन आठवडे थांबतात. शिरेतून देताना वेग मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. ग्लुकोजच्या सलाइनमध्ये तर ते मिसळायचंच नाही. त्याचे स्फटिक होऊन नळीत साका बसतो. फक्त नॉर्मल सलाइन वापरायचं.