डिकोडरवर आळ घेण्याआधी

पुणे-मिरज मार्गावर डिझेल इंजिनं धावायची, तेव्हा स्टेशनात नुसत्या उभ्या असलेल्या इंजिनाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही. धडधडता धडधडता मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा, आणि गाडी सुटली की काळा धूर सोडत तो आवाज हळूहळू वर चढत जायचा. त्या इंजिनांचं मूळ घराणं अमेरिकन. अल्को कंपनीच्या २५१ जातीच्या यंत्रावर चालणारं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन भारतात १९६२ साली आलं आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. माझ्या टेबलावरचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल अल्कोच्याच आरएस-११ चं आहे. लांबी जेमतेम २० सेंटिमीटर. मूळ इंजिनात यंत्र २५१ चंच, फक्त सोळाऐवजी बारा सिलिंडरचं. मॉडेलच्या पोटातला साउंड डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले हुकूम वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तुकडा, त्याच आवाजाची ध्वनिमुद्रणं वाजवतो, म्हणून तर ते घेतलं.

गेल्या महिन्यात ते ठसकायला लागलं. चालता चालता आवाज तुटायचा, पुढचा दिवा लुकलुकायचा आणि यंत्र सुरू होण्याचा सगळा क्रम, स्टार्टरच्या घरघरीपासून, पुन्हा पहिल्यापासून ऐकू यायचा. अशा वेळी पहिला विचार येतो तो डिकोडर गेल्याचा. तो महाग असतो, नाजूक असतो आणि दिसत नाही, त्यामुळे आळ लगेच त्याच्यावर जातो. पण माझं ठाम मत आहे की त्याची चौकशी सगळ्यांत शेवटी करावी.

साध्या खेळण्यातल्या गाडीत रुळांमधला व्होल्टेज वाढवला की वेग वाढतो. डिकोडरवर चालणाऱ्या गाडीचं तसं नसतं. ही डीसीसी नावाची पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने विकसित केली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या छंदिष्टांच्या संघटनेने तिचं मानक ठरवलं. यात रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असतो, मात्र त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. एक दिशा ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून जास्त टिकली तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेतून निरोप जातो: अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक वेग घ्यावा, भोंगा वाजवावा. माळेच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो. तो जुळला नाही तर डिकोडर तो निरोप टाकून देतो आणि पुढच्याची वाट बघतो. निरोप पुन्हा पुन्हा पाठवले जातात, त्यामुळे एखादा हुकला तरी बिघडत नाही.

बिघडतं ते वीज तुटली की. रुळावरचा मळ, चाकावरची काजळी, एका वाटेच्या दोन वाटा होतात त्या सांध्यावरची फट, अशा कुठल्याही कारणाने क्षणभर पुरवठा थांबतो. मोटरला लहानसं गतिचक्र जोडलेलं असतं, त्याच्या जोरावर ती तो क्षण निभावून नेते. साध्या डिकोडरचंही भागतं, कारण वीज परत आली की तो आहे तिथून काम पुढे चालू करतो आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. आवाजाला मात्र असं लपता येत नाही. प्रोसेसर बंद पडून पुन्हा सुरू झाला की गाणं पहिल्या ओळीपासून. म्हणून ठसकणारा आवाज बहुतेक वेळा विजेच्या वाटेतला दोष सांगत असतो, स्वतःचा नाही. आवाज नसलेल्या इंजिनात तोच दोष वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

वीज रुळातून चाकात, चाकातून तांब्याच्या पातळ पट्टीत, पट्टीतून तारेने डिकोडरमध्ये आणि तिथून मोटरला, दिव्यांना, स्पीकरला जाते. शोध याच क्रमाने घ्यायचा. पहिला प्रश्न: इंजिन ठसकतं कुठे? दर फेरीला एकाच जागी ठसकत असेल आणि दुसरं इंजिनही तिथेच अडखळत असेल, तर दोष रुळाचा. कुठेही ठसकत असेल तर आधी चाकं बघायची. माझ्या इंजिनाच्या चाकांवर काळी कडी जमली होती, चाक आणि रूळ यांच्यात उडणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे धरते तशी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या सुती कापडाने ती काढली, रूळही पुसले. ठसका कमी झाला, गेला नाही. उरलेला ठसका आता फक्त सांध्यांवर यायचा, आणि तोही सगळ्या सांध्यांवर नाही.

इथे मी वही घेऊन बसलो. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला फ्रॉग म्हणतात. माझ्याकडच्या सांध्यांचे फ्रॉग धातूचे असले तरी त्यांना वीज जोडलेली नाही, त्यामुळे चाक त्यावर असताना त्या बाजूची वीज त्याला मिळत नाही. एरवी याने काही अडत नाही, कारण पुढची बोगी (इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच) फ्रॉगवर असते तेव्हा मागची वीज घेत असते. माझं इंजिन पुढची बोगी फ्रॉगवर आली की ठसकायचं, मागची आली की नाही. म्हणजे त्या क्षणी मागच्या बोगीने जी वीज द्यायला हवी ती ती देत नव्हती. दुसरी नोंद त्याहून बोलकी निघाली. सरळ जाताना उजव्या हाताच्या सांध्यावर ठसका यायचा, डाव्या हाताच्या सांध्यावर एकदाही नाही. उजवीकडे फुटणाऱ्या सांध्यात सरळ जाणाऱ्या गाडीला फ्रॉग उजव्या रुळात लागतो, डावीकडे फुटणाऱ्यात डाव्या रुळात. दोन बोग्या, प्रत्येकीला दोन बाजू, एकूण चार तारा. इंजिनाचा एकही स्क्रू न काढता त्यातली एक तार हाताशी आली होती: मागची, उजवी.

खात्री करायला फक्त पुढची बोगी रुळावर टेकवली आणि मागची हाताने उचलून धरली. इंजिन धडधडू लागलं. मग फक्त मागची टेकवली. दिवाही लागला नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कुठल्याही ठसकणाऱ्या इंजिनावर मी सगळ्यांत आधी हीच करायला सांगेन.

त्यानंतर वरचं कवच काढलं. मल्टिमीटर बीपवर (दोन टोकांमध्ये विजेला वाट असली की तो वाजतो) ठेवून एक टोक मागच्या उजव्या चाकावर आणि दुसरं डिकोडरच्या लाल तारेवर धरलं. (उजव्या रुळाची तार लाल, डाव्याची काळी, मोटरच्या नारिंगी आणि करडी, हे रंग एनएमआरएच्या मानकातच ठरलेले आहेत.) बीप वाजला. बोगी जराशी वळवली आणि बीप थांबला. भिंग लावून पाहिलं तर पट्टीवर तार जिथे सोल्डर केली होती, तिथे सोल्डरच्या थेंबाभोवती केसाएवढी गोल भेग होती. वळणावर बोगी फिरते, तार ओढली जाते, आणि अशा हजारो हिसक्यांनी तो जोड सुटत आला होता. जुनं सोल्डर काढलं, फ्लक्स लावून नवं दिलं आणि तार थोडी जास्त लांब ठेवली. सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, शेजारचं प्लास्टिक वितळतं.

इंजिन चालतंय पण मुकं आहे, अशी तक्रार असेल तर वाट वेगळी. पुष्कळ डिकोडरमध्ये एफ-८ हे बटण आवाज बंद-चालू करतं, ते आधी दाबून बघावं. मग आवाजाची पातळी ठरवणारा सीव्ही तपासावा. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आठवणीतले क्रमांक घातलेले कप्पे. त्यानंतर पाळी स्पीकरची. त्याच्या दोन्ही तारा डिकोडरपासून सोडवाव्यात आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. स्पीकर शाबूत असेल तर स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतं. तारा न सोडवता हा प्रयोग मुळीच करू नये. स्पीकरची तार इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला लागली तर डिकोडरमधला अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच जळतो, तेव्हा तिचं आवरण नीट बघावं. आवाज फाटका येत असेल तर स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का ते पाहावं. आणि तो पिचका, पातळ येत असेल तर स्पीकरमागची बंद डबी निसटली असण्याचा संभव मोठा: पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट असतात, डबी नसली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

आवाज आहे, दिवे आहेत, पण इंजिन हलत नाही? काही डिकोडरमध्ये यंत्र सुरू होण्याचा आवाज पूर्ण झाल्याशिवाय मोटरला वीजच मिळत नाही, तेवढं थांबून बघावं. मग सीव्ही १९ बघावा. दोन इंजिनं जोडीने चालवताना त्यात जोडीचा क्रमांक भरला जातो. तो पुसायचा राहिला की इंजिन स्वतःच्या क्रमांकावर वेगाचा हुकूम ऐकत नाही. कप्प्यात शून्य भरलं की ते चालायला लागतं. अनेक डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळ्या नोंदी कारखान्यातून आल्या तशा होतात.

प्रोग्रॅमिंगच्या रुळावर, म्हणजे सीव्ही वाचायला-बदलायला वेगळ्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर, ‘डिकोडर सापडत नाही’ असा निरोप आला म्हणूनही घाबरू नये. तिथे डिकोडरला उत्तर देण्याची एकच सोय असते: सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपियर जास्त वीज ओढायची. त्यासाठी तो बहुधा मोटरला एक चिमटा काढतो, आणि इंजिन जागच्या जागी हललेलं दिसतं. मोटरची तार सुटलेली असेल, तर धडधाकट डिकोडरही मुकाच राहणार.

हे सगळं करून संशय उरलाच तर डिकोडर काढून नीट चालणाऱ्या दुसऱ्या इंजिनात लावून पाहावा. उलटं करू नये, म्हणजे नवा डिकोडर आजारी इंजिनात घालू नये. मोटरचं एक टोक सांगाड्याला लागलेलं असेल, तर पहिल्याचा जीव ज्याने घेतला तेच दुसऱ्याचाही घेईल. डिकोडर बाहेर असताना नारिंगी आणि करड्या तारांच्या जागा लाल-काळ्यांशी मल्टिमीटरने ताडून घ्याव्यात. बीप वाजता कामा नये.

माझ्या आरएस-११ चं कवच काल परत बसवलं. सगळ्यांत कमी वेगावर, उजव्या हाताच्या तिन्ही सांध्यांवरून ते दहा वेळा नेलं. पुढची बोगी फ्रॉगवर, मग मागची, आणि आवाज एकसारखा, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा करत.