दुमजली ट्राम आणि रूळ उखडण्याचा निर्णय

सप्टेंबर १९२० मध्ये मुंबईच्या रुळांवर दुमजली ट्राम धावू लागली. कारण साधं होतं, गर्दी. पहिलं महायुद्ध संपलं होतं, गिरण्यांचे भोंगे जोरात होते, गोदीत आणि फोर्टातल्या पेढ्यांत माणसं वाढली होती आणि सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळी सगळा लोंढा एकाच दिशेने सुटत होता. ट्रामा वाढवायच्या तर रूळ तेवढेच. पुढची ट्राम थांबली की मागच्या सगळ्या तिच्यामागे रांगेत उभ्या. तेव्हा तेवढ्याच लांबीच्या रुळावर जास्त माणसं न्यायची तर वर मजला चढवणं हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग होता.

ही ट्राम चालायची कशी, हे आता सांगावं लागतं. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी चालवी. एक हात कंट्रोलरच्या मुठीवर, दुसरा ब्रेकवर आणि पायाखाली घंटा. समोर हातगाडी किंवा बैलगाडी आडवी आली की पाय आपटून घंटेचा ठणठणाट करायचा, त्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवावी लागत नसे. ड्रायव्हर मूठ काढून दुसऱ्या टोकाला जाई, कंडक्टर दोरी धरून छपरावरचा दांडा फिरवून पुन्हा तारेला लावी, बाकांच्या पाठी पलटल्या जात आणि मघाचं शेपूट आता तोंड होई. कधी दांडा तारेवरून सटकला, की दिवे जात आणि गाडी जागच्या जागी थांबे. मग पुन्हा कंडक्टर आणि दोरी. वरच्या मजल्यावरून काळबादेवीच्या माड्यांमधले लोक चहा पिताना दिसत, हा वरच्या प्रवाशांचा फुकटचा फायदा.

त्याआधीचा काळ थोडक्यात. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. भाडं आधी तीन आणे होतं, ते लवकरच दोन आण्यांवर आलं. ठेकेदारांच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. घोड्यांची ट्राम म्हटली की आज आपल्याला मौज वाटते, पण चारा, लीद आणि उन्हात धापा टाकणारी जनावरं यांचा हिशेब ज्यांना ठेवावा लागे त्यांना ती मौज वाटत नसणार. शतक बदलता बदलता विजेची भाषा सुरू झाली ती यातूनच.

१९०५ मध्ये वीज आणि ट्राम 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज', म्हणजे 'बेस्ट', या एकाच कंपनीच्या हाती गेली. वीजनिर्मितीचं पहिलं केंद्र वाडीबंदरला उभं राहिलं आणि ७ मे १९०७ च्या संध्याकाळी महापालिकेच्या इमारतीसमोरून विजेची पहिली ट्राम क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. या व्यवहारातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. जी कंपनी शहरातल्या दिव्यांना वीज विकत होती तीच ट्राम चालवत होती, आणि ठरावीक मुदतीनंतर हा सगळा पसारा विकत घेण्याचा हक्क महापालिकेने स्वतःकडे राखून ठेवला होता. म्हणजे ट्रामचा मालक कधीतरी बदलणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. जी मालमत्ता पुढे दुसऱ्याच्या हाती जायची आहे तिच्यावर खाजगी कंपनी शेवटच्या वर्षांत किती पैसा लावेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १९३७ मध्ये बसवरही मजला चढला. म्हणजे दुमजली ट्राम आल्यावर सतरा वर्षांनी दुमजली बस आली, आणि पुढची सत्तावीस वर्षं दोन्ही एकाच शहरात चालल्या. आज डबलडेकर म्हटलं की लाल बसच डोळ्यांपुढे येते, पण मुंबईला वरच्या मजल्यावर बसायची सवय ट्रामने लावली. लालबाग-परळच्या कामगाराला ट्राम परवडत होती, कारण आण्यांतलं तिकीट आणि तेवढ्या पैशात होणारा लांबचा प्रवास. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या गप्पांत ट्राम नेहमी आण्यांसकट येते ती म्हणूनच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हापासून शेवटची सात वर्षं मात्र ट्रामचा हिशेब नव्या पैशांत झाला.

आता मूळ मुद्दा. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने हा पसारा ताब्यात घेतला आणि उपक्रमाच्या नावातल्या 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आलं. आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. पण नव्या मालकाच्या डोक्यात ट्राम हा वाहतुकीचा एक प्रकार होता, मुख्य प्रकार नव्हता, एवढं त्यातून दिसतं. १९५० च्या दशकात ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली होती. तारीख पाहण्यासारखी आहे. ३१ मार्च, हिशेबाचं वर्ष संपण्याचा दिवस.

बंद करण्याच्या बाजूने जे म्हटलं जातं ते पोकळ नाही. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालते, तिला डावी-उजवीकडे सरकता येत नाही. पायधुणीच्या गर्दीत एखाद्या हातगाडीचं चाक रुळावर मोडलं की मागच्या सगळ्या ट्रामा अडकणार. उतरणारा प्रवासी रस्त्याच्या मध्यावर उतरतो आणि तिथून मोटारी चुकवत फूटपाथ गाठतो. रूळ झिजलेले, डबे जुने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुटे भाग मिळण्याची मारामार झालेली. हे सगळं नव्याने उभारायचं तर मोठा खर्च, आणि बस मात्र आज विकत घेतली की उद्या कुठल्याही रस्त्यावर सोडता येते.

त्याहून मोठं कारण शहराच्या नकाशात होतं. ट्राम ही बेटावरच्या मुंबईची सवारी. माहीम-शीवच्या खाड्यांपलीकडे ती कधी गेलीच नाही. महापालिकेची हद्द आधी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढली, आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा माणूस मुंबईकर झाला. त्या माणसाला दादर टीटीपर्यंतचे रूळ काय कामाचे? त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर रूळ वाढवायचे किंवा बस न्यायची. बस गेली. एवढ्यापुरता हा निर्णय समजण्यासारखा आहे, आणि त्या खुर्चीवर कोणीही बसलं असतं तरी बहुधा बसच मागवली असती.

पण पटत नाही ते पुढचं. उपनगरांना बस हवी होती, म्हणून बेटावरची ट्राम काढायची, हा हिशेब कसा जुळतो? नळबाजार, भायखळा, लालबाग, परळ इथली वस्ती १९५७ नंतर कुठे निघून गेली नव्हती. गिरण्या तिथेच होत्या, पाळ्या तशाच बदलत होत्या. ट्राम हळू चालते हा आरोप खरा, पण ती हळू का चालते हे कोणी बघितलं? १९०७ च्या रस्त्यावर तिच्यासमोर बैलगाड्या होत्या, १९६० च्या रस्त्यावर मोटारी. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होत्या, आणि रस्त्याची रुंदी वाढत नव्हती. अशा वेळी रुळांचा पट्टा फक्त ट्रामसाठी राखून मोटारींना बाजूला सारणं हा एक पर्याय होता. दुसरा पर्याय मोटारींना वाट करून देऊन ट्राम काढणं. मुंबईने दुसरा निवडला. निर्णय वाहतूक सुधारण्याचा म्हणून नोंदला गेला, पण ज्या ट्राममध्ये दोन मजले भरून माणसं बसत होती ती गेली आणि जिच्यात बहुधा एक-दोनच असत ती मोटार राहिली. कोंडी कोण करतं, याचं उत्तर त्या काळात कोणी माणसं मोजून दिलं असतं तर ते वेगळं आलं असतं असं मला वाटतं.

याला आणखी एक विचित्र फाटा आहे. ट्राम काढण्याचं काम चालू असतानाच, १९६२ मध्ये, गवालिया टँक ते माझगाव या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. वर तारा, खाली रबरी टायर. म्हणजे विजेवरच्या वाहनाला हरकत नव्हती, डोक्यावरच्या तारांनाही नव्हती. हरकत होती ती रुळांना. ट्रॉलीबसला थोडंफार बाजूला सरकता येई, हातगाडीला वळसा घालता येई, पण तारेचा लगाम सुटत नव्हता आणि ट्रामसारखी रस्त्यावरची ठरलेली वाटही तिला नव्हती. दोन्हीकडचे तोटे तिच्या वाट्याला आले म्हणायचे. १९७१ मध्ये तीही बंद झाली आणि शहराची बससेवा पूर्णपणे डिझेलवर गेली. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू होतं. सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर वीज बनवणारं आणि तीच वीज रस्त्यावर चालवून दाखवलेलं शहर पुढची कित्येक वर्षं तेल जाळत राहिलं. हे सगळं आता पश्चातबुद्धीने बोललं जातं, हे मान्य. १९६४ मध्ये धुराची काळजी फारसं कोणी करत नव्हतं.

बाकीच्या शहरांतही वारं त्याच दिशेचं होतं. विजेची ट्राम मद्रासला सगळ्यांत आधी, १८९५ मध्ये आली आणि १९५३ मध्ये बंद पडली. कानपूरची १९३३ मध्येच गेली. दिल्लीची १९६३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या एक वर्ष आधी. राहिली एकटी कोलकात्याची, आणि तिथेही सप्टेंबर २०२४ मध्ये मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा म्हणून ठेवायचा भाग सोडून बाकी ट्राम बंद करण्याची घोषणा झाली. कारण दिलं गेलं ते गर्दीचं आणि कोंडीचं. साठ वर्षांनी दिलेलं हे कारण आपल्या १९६४ च्या कारणाशी शब्दाला शब्द जुळतं.

मुंबईत रूळ सगळीकडे उपटून काढले गेले नाहीत, काही ठिकाणी त्यांच्यावर सरळ डांबर ओतलं गेलं. म्हणूनच फ्लोरा फाउंटनच्या परिसराचं काम चालू असताना ते खालून पुन्हा वर आले. हुतात्मा चौकातून जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की १९६१ मध्ये हुतात्मा स्मारक उभं राहिलं तेव्हाही शहरात ट्रामची घंटा वाजत होती. दादर टीटी हे नाव तेवढं रोजच्या बोलण्यात टिकून आहे. टॅक्सीवाल्याला सांगितलं की तो बरोबर खोदादाद सर्कलला आणून सोडतो, त्यातला शेवटचा 'टी' टर्मिनसचा आणि आधीचा ट्रामचा, हे त्याला माहीत असण्याची गरज पडत नाही.

ट्रामच्या जुन्या वाटेवर नंतर बरंच काही आलं. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच्या मोटारींना वरून जाता यावं म्हणून. २०१४ मध्ये मोनोरेल आली आणि २०१९ मध्ये ती सात रस्त्यापर्यंत पोहोचली, पण प्रवासी काही तिच्यावर तुटून पडले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसनी रजा घेतली, तेव्हा गळ्यात हार घालून त्यांचे फोटो काढले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून त्यांची जागा विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस घेऊ लागल्या होत्या. वीज आणि दोन मजले, हे १९२० चं गणित पुन्हा रस्त्यावर आलं, फक्त रूळ नाहीत आणि वीज तारेऐवजी बॅटरीत आहे. राखीव पट्टा अजूनही नाही, त्यामुळे या बसही त्याच कोंडीत अडकतात.

राखीव वाट मिळाली ती जमिनीखाली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. तिचं एक स्टेशन काळबादेवीला आहे, १८७४ मध्ये बोरीबंदर ते पायधुणीची घोड्यांची ट्राम ज्या रस्त्याने जात होती त्याच भागात. रस्त्यावरची जागा मोटारींकडून परत मागण्यापेक्षा खाली खोल भुयार खणणं या शहराला सोपं वाटलं, मग खर्च काही का होईना.