पाय फाकव, कंबर खाली घे

तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद आधी त्याला उभं राहायला शिकवतात, डाव नंतर. "पाय फाकव, कंबर खाली घे की!" बी.एस्सी.च्या पोरांचं स्थितिकीचं गणित अडलं की मी हेच वाक्य आठवायला लावतो.

आकडे घालून बघा. पैलवान 80 किलोचा, म्हणजे वजन सुमारे 785 न्यूटन. ताठ उभा, पावलांत 60 सेंटिमीटर अंतर. बाजूनं 120 सेंटिमीटर उंचीवर रेटा दिला, तर तो पलीकडच्या पावलाभोवती कलणार. त्याला सावरणारा टॉर्क, म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचं अंतर; वजन दोन पावलांच्या मधोमध, म्हणून 785 गुणिले 0.3. त्याला 1.2 नं भागलं की 196 न्यूटन. एवढ्या रेट्यात गडी हलला. आता पावलांत 90 सेंटिमीटर, वाकल्यामुळं रेटाही 90 सेंटिमीटरवर. उत्तर 392, दुप्पट! वजन तेवढंच. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात गडी एका पायावर आला की कडेनं आरडाओरडा का सुरू होतो, ते यात आलं.

हिशेब पावलाभोवतीच का मांडला? जमीन पावलाला किती जोरानं आणि कुठल्या दिशेनं ढकलते, ते आपल्याला ठाऊक नाही. पण बल ज्या बिंदूतून जातं, त्याच्याभोवती त्याचा टॉर्क शून्य. म्हणून अडचण जिथं, टेकू तिथंच धरायचा. गुळगुळीत भिंतीला लावलेल्या शिडीचं नेहमीचं गणित याच युक्तीनं सुटतं. शिडीच्या पायाशी घर्षण आणि जमिनीची प्रतिक्रिया, दोन्ही अज्ञात. पायाभोवती टॉर्क घेतला की दोन्ही गळतात. मोकळी शिडी जमिनीशी 60 अंशात असेल तर घर्षणगुणांक (घर्षण भागिले जमिनीची उभी प्रतिक्रिया) 0.29 पुरतो, 45 अंशात 0.5 लागतो. पोरं मात्र गुरुत्वमध्याभोवती टॉर्क घेतात आणि पानभर समीकरणं सोडवत बसतात. चूक नाही, पण पेपर तीन तासांचाच असतो.

वस्तू फिरायला लागली की मात्र जपून. स्थिर वस्तूला कुठलाही बिंदू चालतो. त्वरण आलं की स्थिर बिंदू किंवा गुरुत्वमध्य, एवढेच बिनधोक. मार्क जातात ते इथंच.

उतारावर न घसरता गडगडणारं गोल, सममित चाक हा सोयीचा अपवाद. त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो, म्हणून तिथं टेकू धरता येतो आणि घर्षण पुन्हा गळून पडतं. उरतो फक्त वजनाचा टॉर्क. त्या बिंदूभोवती कड्याचं जडत्वाचं आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) 2MR², भरीव चकतीचं दीड पट MR². म्हणून θ कोनाच्या उतारावर कड्याचं त्वरण g sinθ च्या निम्मं आणि चकतीचं दोन तृतीयांश. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटली.

खोटं वाटत असेल तर पाट तिरपा ठेवा आणि आईची बांगडी नि दहा रुपयांचं नाणं एकदम सोडा. नाणं आधी खाली येतं. बांगडी काचेची असेल तर खाली उशी ठेवा.