बाराव्या वर्षीच कायमचा सेंटर बॅक कशासाठी?

30 जून 2014 रोजी ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे येथे फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत जर्मनी आणि अल्जेरिया यांची गाठ पडली होती. सत्तराव्या मिनिटाला जर्मनीचा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, मुस्ताफी जायबंदी होऊन बाहेर गेला, त्याच्या बदली मधल्या फळीतला खेदिरा मैदानात आला आणि तोवर मधल्या फळीत खेळत असलेला कर्णधार फिलिप लाम राइट बॅकच्या जागेवर सरकला. जर्मनीने तो सामना जादा वेळेत 2-1 असा जिंकला. पुढे विश्वविजेतेपदापर्यंत लाम त्याच जागेवर राहिला आणि ब्राझीलचा 7-1 असा धुव्वा उडाला त्या उपांत्य सामन्यात त्याने उजव्या कडेवरून आत दिलेल्या चेंडूंवर दोन गोल झाले. उजव्या पायाने खेळणारा हाच लाम 2006 च्या विश्वचषकात लेफ्ट बॅक होता. मुलांनाही लहानपणीच एका जागेला जखडून न टाकता असे वेगवेगळ्या जागांवर खेळवावे, असे माझे म्हणणे आहे.

अशा अष्टपैलुत्वाची क्रिकेटमधल्या अष्टपैलू खेळाडूशी गल्लत करू नये. तिथे फलंदाजी आणि गोलंदाजी ही दोन वेगळी कौशल्ये एकाच खेळाडूत एकत्र येतात. फुटबॉलमध्ये चेंडू थोपवणे, पास देणे, अडवणे ही कौशल्ये बव्हंशी तीच राहतात. जागेगणिक बदलते ते डोळ्यांपुढचे मैदान. कडेने चढाई करणाऱ्या विंगरच्या एका बाजूला सीमारेषा असते, त्यामुळे तिकडून कोणी अंगावर येण्याचा प्रश्न नसतो. बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या सेंटर बॅकला जवळजवळ सगळा खेळ समोर दिसतो. गोल करण्यासाठी सर्वांत पुढे असणाऱ्या स्ट्रायकरला अनेकदा गोलकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागतो, आणि मधल्या फळीतल्या खेळाडूवर चारी दिशांनी दबाव येत असल्याने चेंडू पायाशी पोहोचण्याआधीच त्याला खांद्यावरून मागे पाहून घ्यावे लागते. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा चेंडू मिळण्यापूर्वी अशी नजर जास्त वेळा फिरवणाऱ्यांचे पास अधिक प्रमाणात यशस्वी ठरत असल्याचे आढळले. वर्षानुवर्षे एकाच कडेला खेळलेल्या मुलाला ही सवय लागण्याचे फारसे कारणच पडत नाही. उलट काही महिने सेंटर बॅक म्हणून खेळलेल्या स्ट्रायकरला आपली कोणती धाव बचावपटूला नकोशी वाटते, हे अनुभवाने ठाऊक होते.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. त्याचे उत्तर शोधताना 1978 साली रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आठवतो. आठ वर्षांच्या मुलांपैकी एका गटाने तीन फुटांवरच्या लक्ष्यावर छोट्या पिशव्या फेकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाला मात्र दोन आणि चार फुटांवरचीच लक्ष्ये दिली होती. शेवटी सर्वांची परीक्षा तीन फुटांवर घेतली, तेव्हा त्या अंतरावर सरावच न केलेला दुसरा गट अधिक अचूक ठरला. पुढच्याच वर्षी जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांना असे दिसले की निरनिराळ्या हालचाली आलटून पालटून करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडतात, पण नंतरच्या चाचणीत आघाडी घेतात. प्रत्यक्ष मैदानावर, विशेषतः मुलांमध्ये, हा परिणाम प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पिशव्या फेकणाऱ्या मुलांसमोर प्रतिस्पर्धी नव्हता. तरीही सरावातील चकचकीतपणा आणि टिकाऊ शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित कळते, आणि नव्या जागेवर चाचपडणाऱ्या मुलाला पाहून सामन्याच्या मध्यंतरातच प्रशिक्षकाला गाठणाऱ्या पालकांनी तेवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

माझ्या मते याहून भक्कम कारण मुलांच्या वाढीत आहे. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींचा सुमारे दोन वर्षे आधी येतो, पण व्यक्तिगणिक तो बराच मागेपुढे होतो. म्हणून तेरा वर्षांच्या एकाच संघात एखादा मुलगा मिसरूड फुटलेला, तर त्याच्या शेजारचा अजून बाळसेदार दिसतो. लवकर वाढलेल्या उंच मुलाला बचावात आणि वेगवान मुलाला आघाडीवर नेमले की सामने जिंकता येतात, पण ही निवड कौशल्यापेक्षा वाढीच्या वेळापत्रकावर बेतलेली असते. तीन वर्षांनी बाकीची मुले उंचीने बरोबरीला येतात, आणि केवळ चेंडू दूर भिरकावण्याचेच काम केलेल्या मुलापाशी मग फारसे काही शिल्लक राहत नाही. उशिरा वाढणाऱ्याचे नुकसान निराळ्या प्रकारचे असते, कारण त्याला बहुधा संघातच घेतलेले नसते. लाम स्वतः पूर्ण वाढ झाल्यावरही 1.70 मीटरच होता.

अर्थात दर दहा मिनिटांनी जागा बदलणे म्हणजे निव्वळ गोंधळ आहे. एका जागेचे प्रश्न ओळखीचे होण्यासाठी सलग काही आठवडे द्यावे लागतात, आणि आज कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचे, हे प्रशिक्षकाने आधी सांगावे लागते. बारा वर्षांपर्यंत गोलरक्षणासह सगळ्या जागा फिरून पाहाव्यात आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून एक मुख्य व एक पर्यायी जागा पक्की करावी, हा क्रम मला व्यवहार्य वाटतो. तसे न झाल्यास ज्याची गैरहजेरी असेल त्याच्या जागी भरती, एवढीच त्या मुलाची ओळख उरण्याचा धोका असतो. ठरवून पेललेल्या दोन जागा मात्र व्यावसायिक फुटबॉलमध्ये कामी येतात: मूळचा मुंबईकर राहुल भेके राइट बॅक आणि सेंटर बॅक या दोन्ही जागांवर खेळत आला आहे, आणि मार्च 2019 मध्ये मुंबईतच झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध बंगळुरूचा विजयी गोल, तोही जादा वेळेत आणि कॉर्नरवर हेडर मारून, याच बचावपटूने केला होता.