मिनिटाला सहा श्वास

ख्रिस्ती उपासनेतलं सगळ्यात शांतवणारं गायन कोणतं, असं विचारलं तर बरेच जण युरोपातल्या मठांमधल्या ग्रेगोरियन गायनाचं, म्हणजे वाद्यांशिवाय एका सुरात गायल्या जाणाऱ्या लॅटिन स्तोत्रांचं नाव घेतील. १९९४ साली स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठातल्या संन्याशांच्या गायनाचा अल्बम लाखोंनी खपला, आणि तो विकलाही गेला ताणतणावावरचा उतारा म्हणून. गंमत अशी, की या विषयात यंत्रं लावून केलेलं सगळ्यात गाजलेलं संशोधन गायनाचं नव्हतंच. ते होतं रोझरीचं, म्हणजे जपमाळेवर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचं. तिला धड चालसुद्धा नसते.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक लॅटिनमधली ‘आवे मारिया’, म्हणजे रोझरीत पुन्हा पुन्हा येणारी मरियेची प्रार्थना, आणि दुसरा तिबेटी बौद्धांचा ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र. सोबत श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मोजत राहिले. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा अभ्यास छापला. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

हा सहाचा आकडा आला कुठून? प्रार्थनेच्या लांबीतून. रोझरीत ‘आवे मारिया’चा पहिला अर्धा भाग पुढारपण करणारा म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे सगळे. सावकाश म्हटली तर पूर्ण प्रार्थनेला दहा सेकंद लागतात. म्हणजे आपली पाळी असताना पाचेक सेकंद श्वास सोडत बोलायचं आणि समोरच्याची पाळी असताना निवांत श्वास घ्यायचा. दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट (त्यांना ‘दशकं’ म्हणतात), अशा पन्नास प्रार्थना झाल्या की आठ मिनिटांहून अधिक काळ माणूस संथ श्वसन करून उठतो, आणि त्याला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असं कुणी एकदाही सांगितलेलं नसतं. ज्यांना डोळे मिटून श्वास मोजायला बसवलं की हटकून बाजारहाटाची यादी आठवते, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

आता दहा सेकंदांचं महत्त्व काय? आपल्या रक्तदाबातही आपसूक लहरी उठत असतात आणि त्यांतली एक लहर साधारण दहा सेकंदांची असते. तिला मेयर लहर म्हणतात. मानेतल्या कॅरॉटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतींत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस चेतेमार्फत हृदयाला सावकाश व्हायला सांगतो, दाब उतरतो, मग पुन्हा उलटा फेरा. श्वासाचंही हृदयाशी असंच नातं आहे: आत घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. श्वासाची लय आणि दाबाची लय दोन्ही दहा सेकंदांवर आल्या की त्या एकमेकींना जोर देतात. झोपाळा मागे आला की नेमका त्याच क्षणी हलका धक्का द्यावा, तसं.

पाविया गटाने दाब ओळखणाऱ्या या यंत्रणेची तत्परताही मोजली. रक्तदाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी वाढतं, हे तिचं माप. सरासरी ९.५ होती, जप करताना ११.५ झाली. चमत्कार म्हणावा एवढी ही वाढ नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. याच लेखात संशोधकांनी एक पुस्ती जोडली आहे: जपमाळ युरोपात धर्मयोद्ध्यांनी अरबांकडून नेली आणि अरबांनी ती तिबेटी भिक्षू आणि भारतातल्या योग्यांकडून घेतली. आपल्याला हे ऐकायला गोड वाटतं, म्हणूनच जरा जपून घ्यावं. हृदयाचा आलेख काढणाऱ्यांचा इतिहासही तितकाच पक्का असेल असं नाही.

हे हाताशी धरून मठातलं गायन ऐकलं की त्याची घडण उलगडते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार मठात दर आठवड्याला सगळी १५० स्तोत्रं म्हणून व्हायला हवीत. गाणारे दोन बाजूंना समोरासमोर बसतात. एक ओळ ही बाजू म्हणते, पुढची ती बाजू. स्तोत्रसंहितेच्या गायनप्रतीत प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक तारांकन छापलेलं असतं. तिथे सगळे थांबतात. नुसता श्वास घेऊन लगेच पुढे जायचं नाही. दगडी छताखाली घुमणारा आधीचा सूर विरू द्यायचा. अशा वास्तूंत आवाज कित्येक सेकंद रेंगाळतो. घाई केली तर अक्षरांवर अक्षरं चढतात आणि नुसता कल्लोळ उरतो. त्यामुळे एकच सूररेषा, ठेका नाही, लांब ओळ आणि मधे विराम. गाणाऱ्याला संथ श्वासावर आणण्यात भिंतींचाही वाटा आहे.

विसाव्या शतकात फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या तेझे गावात हेच तत्त्व वेगळ्या कारणाने आलं. ब्रदर रॉजे १९४० साली तिथे आले आणि प्रोटेस्टंट व कॅथलिक दोन्ही पंथांच्या बंधूंचा आश्रम उभा राहिला. पुढे देशोदेशींचे तरुण जमू लागले. त्यांना एकत्र गाता यावं म्हणून झाक बेर्तिए या संगीतकाराने एकदोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची गीतं रचली, त्यांतली बरीच लॅटिनमध्ये. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात शब्द पाठ होतात, कागद खाली ठेवला जातो. आपल्याकडे हे नवीन नाही. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची गीतं दिली. ध्रुवपद घोळवत राहण्याची सवय मराठी गळ्याला आधीपासूनच होती.

समूहात गाताना आणखी एक घडतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ यांच्या गटाने २०१३ साली तरुणांना गुणगुणायला, एक ख्रिस्ती स्तोत्र गायला आणि एक संथ मंत्र म्हणायला लावला. ओळी एकत्र संपतात, श्वास एकत्र घेतले जातात, आणि त्यामागोमाग गाणाऱ्यांच्या ठोक्यांची गतीही एकत्र चढते-उतरते. मंत्रात हे सर्वांत ठळक होतं, कारण त्याच्या ओळी लांब आणि सारख्या होत्या.

तेझेच्या प्रार्थनेत गीतांच्या मधे काही मिनिटं पूर्ण शांतता पाळतात. २००६ साली बेर्नार्दींच्याच गटाने संगीत ऐकण्याचे परिणाम मोजले, तेव्हा या शांततेला अनपेक्षित दुजोरा मिळाला. यादीत बेथोव्हेन, विवाल्दी, रॅप, टेक्नो आणि एक भारतीय रागसुद्धा होता. जलद संगीताने श्वास, ठोके आणि रक्तदाब वाढले, हे अपेक्षितच. पण मधे टाकलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत तिन्ही आकडे संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. लक्ष आधी गुंतावं आणि मग सोडून दिलं जावं, यात विश्रांती आहे. नुसतं पार्श्वसंगीत लावून मोबाइल चाळणाऱ्याला ती मिळण्याची शक्यता कमीच.

इंटरनेटवर ग्रेगोरियन गायनाच्या नावाने ‘५२८ हर्ट्झची दिव्य कंपनं’ विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि हे एकक एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञाच्या नावाचं. अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदोने उत, रे, मी ही स्वरनामं रूढ केली, ती आपल्या सा-रे-ग-मसारखी सापेक्ष आहेत. ‘उत’ गाणाऱ्याला सोयीच्या पट्टीत धरायचा, त्याला ठरलेली कंपनसंख्या नाहीच.

आलेखात ‘आवे मारिया’ आणि मंत्र जवळपास सारखेच दिसले, म्हणून श्रद्धेला काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढणारे भेटतात. ती उडी जरा लांबच झाली. यंत्राने श्वास आणि रक्तदाब मोजला. पहाटे अंधारात स्तोत्र म्हणायला उठणाऱ्या संन्याशाला त्यात काय दिसतं हे मोजलेलं नाही. शिवाय हे अभ्यास लहान आहेत, निरोगी लोकांवरचे आहेत आणि त्या-त्या वेळचा परिणाम दाखवतात. रक्तदाबाच्या गोळीला तो पर्याय नव्हे.

वेगाचं पथ्य मात्र पाळायलाच हवं. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. वसईत, गोव्यात घराघरांतून ती ऐकू येते, गोव्यात तिला तेर्स म्हणतात. चुलीवर कालवण उकळत असेल तर तिची गाडी कशी पळते हे घरच्यांना सांगायला नको. अर्धी प्रार्थना अडीच सेकंदांत उरकली की पूर्ण आवर्तन पाचात बसतं आणि श्वास पुन्हा मिनिटाला बारावर.